पन्नास बाइट

चाकणच्या कंपनीत मी नेटवर्क सांभाळते. एका रविवारी आम्ही सगळी कामं दोन नव्या मोठ्या सर्व्हरवर हलवली. प्रत्येकाच्या पोटात आठ-दहा व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर. ड्रॉइंग साठवणारं मशीन एका सर्व्हरवर, टूलरूमला, म्हणजे डाय-साचे बनवणाऱ्या विभागाला, ते दाखवणारं दुसऱ्यावर, आणि मध्ये टनेल. म्हणजे डेटाचं पाकीट आणखी एका पाकिटात घालून पाठवायचं आणि पलीकडे वरचं फाडून आतलं काढायचं.

गुरुवारी टूलरूमचे फोरमन जिना चढून आमच्या खोलीत आले. जवळच्याच कुरुळी गावचे, निवृत्तीला आलेले.

"ताई, चार दिस झालं. ड्रॉइंग मागतो, च्या पिऊन येतो, तरी ते गोल फिरतंच हाय. डाय तशीच पडून ऱ्हायलीय."

ज्यांनी हे बसवून दिलं त्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "पिंग तर छान येतोय. तुमचे नेटवर्कचे स्विच जुने झालेत, बदलून टाका." आमचे साहेब जवळजवळ तयारच झाले होते.

"सर, उद्या दुपारपर्यंत थांबा," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण माझं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं, आणि त्या इंजिनिअरला अशी मशिनं बसवण्याचा दहा वर्षांचा अनुभव.

शुक्रवारी सकाळी दोन्ही मशिनं एकाच सर्व्हरवर आणली. ड्रॉइंग झटक्यात उघडलं. एक परत दुसरीकडे नेलं, पुन्हा रडगाणं. म्हणजे दोष टनेलच्या वाटेत होता. पण मग पिंग का छान? पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का बघणं, आणि ती हाक असते अगदी छोटी. मी ती मोठी करत गेले आणि वाटेत तुकडे करायचे नाहीत असं बजावलं. ओ येत राहिली, येत राहिली, आणि एका मापाला एकदम गप्प.

कागदावर हिशोब मांडला. वाटेतून पंधराशे बाइटांपर्यंतचं पाकीट जातं. आमची मशिनं आतलं पाकीटच पंधराशेचं भरत होती, त्यावर टनेलच्या पाकिटाचे पन्नास. प्रत्येक मोठ्या पाकिटाचे दोन तुकडे होत होते, एखादा हरवला की अख्खं पुन्हा पाठवायचं. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली, परत बसले, परत मोजलं. तेच.

दोन्ही मशिनांवर पाकिटाचं माप चौदाशे पन्नास केलं आणि टूलरूमला फोन लावला.

"काका, उघडा बरं आता."

पलीकडे मशिनांचा आवाज. मग, "आरं! उघडलं की! ताई, खाली या, खाली या!"

खाली गेले. त्यांनी हात पुसले, स्वतःची खुर्ची मला दिली आणि टूलरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमची कंपूटरवाली. हिनं काढलं शोधून."

दुपारी त्या इंजिनिअरला फोनवर सगळं सांगितलं. त्याने मापं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "मॅडम, ही टेस्ट मला लिहून पाठवाल? आणखी दोन ठिकाणी हीच तक्रार आहे."

कंपनीबाहेर जाणाऱ्या मेल साहेबांच्या नावाने जात. मी मजकूर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि खालचं स्वतःचं नाव खोडलं.

"तुझं घाल," म्हणाले.

घातलं. हुद्द्यासकट, पूर्ण नाव.