चंद्रभानचं पथ्य

जर्मनच्या लढाईच्या सुमारास, अंजनगाव सुर्जीला स्वतःच्या पानमळ्यात राबणाऱ्या चंद्रभानला पंचविशीतच टक्कल पडू लागलं. अकोटच्या वैद्यानं तिखट आणि तेल सोडायला सांगितलं. ठेच्याशिवाय ज्याचा घास उतरत नसे, तो चंद्रभान अळणी वरण आणि कोरडी भाकर खाऊ लागला. टक्कल वाढतच गेलं, तसा तो चिडका झाला. वरण तिखट लागलं म्हणून त्यानं बायकोच्या, जमुनाच्या अंगावर ताट भिरकावलं. अशी पंधरा वर्षं गेली.

मग मळ्यावर मेळघाटातला एक म्हातारा कोरकू मजूर आला. त्याचे केस दाट होते. चंद्रभाननं विचारलं, "काय खाता बाबा तुमी?"

"भेटलं ते. मिरची-भाकर. आमच्या जातीत टक्कल पडतच नाई. तुमच्या बापाचं डोस्कं कसं होतं, मालक?"

बापाला तर तिशीतच टक्कल पडलं होतं. चंद्रभाननं घरी येऊन ठेचा मागितला.

"तुमच्या टकलाचं मले कदी काई वाटलं नाई," जमुना म्हणाली. "पन तुमच्या पथ्यापायी पोरं घरात हासनं विसरले. आता ठेचा मांगता?"

तिनं तो केला नाही. चंद्रभाननं स्वतःच मिरच्या वाटल्या. पहिल्याच घासाला त्याचं तोंड पोळलं. पाणी द्यायला कुणी उठलं नाही.