भिंतीआडची कुस्ती

नगरपालिकेच्या फळ्यावरची नोटीस खालच्या शिक्क्यापर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच जन्मला आणि तो मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मामांची प्रकृती अशी, की वारा सुटला तर धोतर पुढे जावं आणि ते मागून यावेत. पण वेड कुस्तीचं! जन्मात लंगोट कसला नाही, तरी जेवताना पोळीच्या तुकड्यांवर ते मला डाव समजावत आणि माझं वरण निवून जाई. जत्रेआधी बाजारमैदानात आखाडा तयार व्हायचा, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या शेतातली टोपलंभर माती द्यायची, ही आमची रीत. मामा ती माती स्वतः चाळत. खडा निघाला, तर त्या घरच्या कर्त्या माणसाला बोलावून भर बाजारात त्याच्या तळहातावर ठेवत.

महाराष्ट्र नवा नवा होता आणि पुढाऱ्यांना उद्घाटनांची घाई झाली होती. नगरपालिकेने ठरवलं, त्याच मैदानावर कुस्त्यांचं पक्कं स्टेडियम बांधायचं. बाहेरगावचे नावाजलेले पैलवान बिदागी देऊन आणायचे, तिकीट लावायचं, म्हणजे म्हणे पेठेला ऊर्जितावस्था येईल. त्यासाठी आधी पेठेतल्याच भाजीवाल्यांना आणि बांगडीवाल्यांना उठवून नाल्याकाठी बसवलं. मामा भडकले. "तुमीच सांगा जवाईबापू, बाजारफी भाजीवालीपासून घ्याची अन् त्याच पैशानं तिच्या आडवी भिंत बांधाची. हे काऊन?" मी काहीतरी गावाच्या प्रगतीचं बोललो. ते चहा न घेता उठून गेले.

मग त्यांनी हरकतीचे अर्ज सुरू केले, आणि तेही मोडीत. "बालबोध कोनीबी वाचते. कायद्याचं बोलनं मोडीतच शोभते," असं त्यांचं म्हणणं. पण कचेरीत मोडी वाचणारे शेवटचे कारकून केव्हाच पेन्शनीत गेले होते. कोणी अर्ज वाचला नाही आणि वाचता येत नाही हे कबूलही केलं नाही. इकडे सगळं पक्कं करायच्या नादात ठेकेदाराने आखाड्यालाही फरशी ठोकली. आखाड्याला फरशी नको, हेच मामांनी सातव्या अर्जात बजावलं होतं. लोकांच्या पैशाने बांधायचं आणि पैलवानाची पाठ कशावर टेकते एवढंही कोणाला विचारायचं नाही, हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. शेवटी फरशीवर वीतभर माती पसरून कुस्त्या जाहीर झाल्या.

मी तिकीट काढलं. पुढच्या खुर्चीचं काढलं, हेही सांगून टाकतो. तिसऱ्याच कुस्तीत एक तरणा पैलवान फरशीवर आदळला आणि खांदा धरून तसाच पडून राहिला. मला बघवेना, म्हणून बाहेर आलो. भिंतीलगत जानेफळ-सुलतानपूरकडची माणसं दरवर्षीसारखी भाकरी बांधून आलेली, तिकिटापायी बाहेरच राहिलेली. त्यांच्या मधोमध मामा उभे होते आणि आतल्या हलगीवरून, गलक्यावरून त्यांना कुस्ती सांगत होते. मला फाटकातून येताना पाहून ते थांबले.

"जवाईबापू, तुमी आत होते?"

"हो."

"गलका एकदम बंद झाला. कोनाले लागलं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा लोकांकडे वळले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढल्या जत्रेला मी तिकीट काढलं नाही, भिंतीबाहेर जाऊन बसलो. मामा पावसाळ्यातच गेले होते. आतून गलका उठत होता आणि बाहेरची माणसं एकमेकांना विचारत होती, "काय झालं बे?" मलाही सांगता येत नव्हतं.