तेहतीसवरचं गाणं

मिरजगावात नवरी मांडवात येताना बँडवाले एक संथ चाल वाजवतात. ती कुठल्या सिनेमातली नाही आणि कुठल्या देवाची आरतीही नाही. गावात विचारलं तर "कारभाऱ्याची चाल" एवढंच उत्तर मिळतं.

मी ती पहिल्यांदा ऐकली दोन वर्षांपूर्वी, मावसभावाच्या लग्नात. हातात अक्षता घेऊन उभा होतो आणि क्लॅरिनेटवाल्यानं ती चाल धरली. तिच्याखाली ढोलाचा ठोका असा पडत होता की पहिल्या मात्रेवर सगळा भार आणि पुढे अर्धा श्वास रिकामा. हा ठोका मी ओळखत होतो, पण तो मिरजगावच्या मांडवात भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

सांगायला हवं की मी नगरला चष्म्याचं दुकान चालवतो आणि वीस वर्षांपासून जुन्या रेकॉर्डी जमवतो. त्यातही अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल आणि फंक. सोल म्हणजे देवळात रडावं तसं प्रेमात रडणं, आणि फंक म्हणजे पायाला बसू न देणारं वाजवणं, असं मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना समजावतो. या वेडाचे आम्ही जिल्ह्यात तिघं आहोत. आदिनाथ नगरच्या एमआयडीसीत फिटर आहे. रेकॉर्ड पहिल्या छपाईची की नंतरची यावर तो जेवण सोडून भांडतो. अश्विनी राहात्याची, दातांची डॉक्टर. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जमतो, एकमेकांच्या रेकॉर्डी ऐकतो, उसन्या देतो, आणि कोण कुठं वाजवलं यावर वाद घालतो.

त्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून मी बँडच्या बिभीषण मास्तरांना गाठलं. त्यांनी वेशीजवळच्या पिठाच्या गिरणीकडे बोट दाखवलं.

गिरणी कारभारी गांगर्डे यांची. वय अडुसष्ट, अंगानं काटक, भुवयांवर कायम पीठ. त्यांना सगळे नाना म्हणतात. घरची जमीन कोरडवाहू, म्हणून तरणेपणी नाना आणि त्यांची बायको छबूबाई दोन हंगाम ऊसतोडीला गेले होते. दुसऱ्या हंगामावरून परत येताना नाना बैलजोडी आणतील असं वडिलांना वाटलं होतं. त्यांनी आणलं लाउडस्पीकरचं मशीन, दोन कर्णे आणि रेकॉर्ड वाजवायची पेटी. वडील महिनाभर बोलले नाहीत. पण तिसऱ्या महिन्यात पहिल्या लग्नाची सुपारी आली, आणि वडील स्वतः कर्णा बांधायला कडुलिंबाच्या झाडावर चढले.

पुढची वीस-बावीस वर्षं मिरजगाव आणि आसपासच्या गावांतलं एकही लग्न नानांच्या कर्ण्याशिवाय झालं नाही. रस्ता नसेल तिथं मशीन नानांच्या खांद्यावर आणि कर्णे छबूबाईंच्या डोक्यावर. मग डीजे आला. नानांनी कर्णे मोडीत घातले, गिरणी टाकली, पण पेटी आणि चारशे रेकॉर्डी ठेवल्या. गुरुवारी गिरणी बंद असते. त्या दिवशी ते दुपारभर रेकॉर्डी ऐकतात.

त्या चालीची हकीकत अशी. त्र्याऐंशी साली नाना कर्ण्याचं युनिट, म्हणजे त्यातला आवाज काढणारा भाग, आणायला नगरला गेले होते. नगरजवळ एका आश्रमात परदेशातून माणसं येऊन राहायची आणि जाताना जड सामान विकून टाकायची. जुन्या बाजारातल्या एका दुकानदारानं असंच आलेलं एक खोकं नानांसमोर ठेवलं. त्यात एक मोठी रेकॉर्ड होती, मधला कागद नारिंगी. दुकानदारानं ऐकू दिली नाही, पण नारिंगी रंग नानांना आवडला. घरी आणून त्यांनी ती लावली. लहान रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर आणि मोठी तेहतीसवर, हे कोणत्याही लाउडस्पीकरवाल्याला पाठ असतं. नानांनी बटण तेहतीसवर ठेवलं. आतून एक जाड, जडावलेला आवाज आला, जसा कोणी पुरुष विहिरीच्या तळाशी बसून गातोय. शब्द कळत नव्हते. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांनी ती पुढच्याच लग्नात नवरी मांडवाकडे निघताना लावली. संथ गाणं, नवरीच्या पावलाला बरोबर बसलं. मग लोक मागायला लागले. बिभीषण मास्तर तेव्हा नुकते क्लॅरिनेट शिकत होते. त्यांनी ती चाल कानावरून उचलली आणि बँडला बसवली. पुढे वाळवीनं रेकॉर्डचा मधला कागद खाल्ला. कोण गातंय, कुठलं आहे, सांगणारी एकही खूण राहिली नाही.

घरात मात्र या गाण्यावरून एक जुना वाद होता. छबूबाई म्हणायच्या की गाणारी बाई आहे. नाना हसायचे. बाईचा आवाज एवढा जाड असतो का, असं विचारायचे. छबूबाई पिठाची चाळण हलवत सांगायच्या, "आवाज सोडा, दम कसा घेती ते ऐका. बाप्या मानूस असा दम घेत न्हाई." हा वाद चाळीस वर्षं चालला आणि कोणीच हरलं नाही.

मी पहिल्या भेटीत ती रेकॉर्ड ऐकली आणि नगरला परत येईपर्यंत गाडीत तीच चाल गुणगुणत होतो. असा आवाज मी कुठं ऐकला नव्हता. त्याच आठवड्यात आदिनाथ आणि अश्विनीला फोन केले, आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघं मिरजगावला हजर झालो. सोबत आपापल्या घरातल्या वीस-पंचवीस रेकॉर्डी घेतल्या होत्या, ताडून बघायला.

नाना रेकॉर्ड कोणाच्या हातात देत नसत. स्वतः फडक्यातून काढायचे, स्वतः पिन ठेवायचे, वाजून झाली की परत फडक्यात. आम्ही ओसरीवर पोत्यांवर बसून ऐकलं आणि वादाला सुरुवात झाली. आदिनाथचं म्हणणं, हा गायक अमेरिकेच्या दक्षिणेचा, कारण शब्द असे ओढून बोलायची रीत तिकडची. अश्विनी म्हणाली की मागची पितळी वाद्यं दक्षिणेची नाहीत, ती उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरातली. मला वाटत होतं की गायक म्हातारा आहे आणि दारू पितो. आम्ही आणलेल्या रेकॉर्डी एकामागून एक लावल्या, हा आवाज त्याचा का, तो आवाज याचा का. नानांना यातली प्रत्येक रेकॉर्ड नवी होती. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच ढोलाबद्दल काहीतरी असं विचारायचे की आदिनाथ ती रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगायचा. छबूबाईंनी हुलग्याची शेंगोळी केली होती. जेवताना त्यांनी आपलं मत सांगितलं, बाई आहे म्हणून. आम्ही तिघा जाणकारांनी मान डोलावली आणि पुन्हा त्या म्हाताऱ्या गायकाकडे वळलो.

दुसऱ्या रविवारी अश्विनीनं नानांच्या दुखऱ्या दाढेवर औषध दिलं. दाढेचं दुखणं थांबलं. त्या खुशीत नानांनी रेकॉर्ड तिच्या हातात ठेवली.

तिनं ती दारात नेऊन उन्हाकडे तिरपी धरली, दातांचा एक्स-रे बघावा तशी. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आदिनाथला बोलावलं आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. रेकॉर्डवरच्या रेघा फार सुट्या होत्या. एवढ्या मोठ्या तबकडीवर एकच गाणं, आणि रेघा अशा ऐसपैस, म्हणजे ती पंचेचाळीसवर वाजवायची. नाचाच्या जागांसाठी तिकडे अशा मोठ्या रेकॉर्डी निघायच्या.

अश्विनीनं नानांना विचारलं की बटण एकदा पंचेचाळीसवर ठेवून बघू का. नानांनी नकार दिला. मोठी रेकॉर्ड तेहतीसवर, हा नियम त्यांनी तिला पुन्हा समजावला. ती पेटीजवळून हलली नाही. शेवटी नाना म्हणाले, "तुमची हौस हाय तर बघा," आणि त्यांनी स्वतःच बटण फिरवलं.

ढोल धावत आला. त्याच्या मागून पितळी वाद्यं आली, गिटार खरवडल्यासारखी वाजू लागली, आणि मग त्या सगळ्याच्या वरून एक बाई गायला लागली. तरणी, खणखणीत, हसत गाणारी बाई. तो म्हातारा, ती विहीर, ती दारू, काही राहिलं नाही. आदिनाथ ताठ बसला. माझा पाय आपोआप हलत होता आणि मला त्याची लाज वाटत होती, कारण नानांचा चेहरा उतरला होता.

छबूबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. संपल्यावर नवऱ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

नानांनी पिन उचलली, रेकॉर्ड फडक्यात बांधली आणि चप्पल घालून मागच्या लिंबांच्या बागेकडे निघून गेले. मला वाटलं, आपण एका माणसाचं चाळीस वर्षांचं गाणं मोडलं. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी होतं. छबूबाईंनी चहा ठेवला आणि आम्हाला बसायला सांगितलं. येतील म्हणाल्या.

तासाभरानं नाना आले. पायरीवर बसले. म्हणाले, "चाळीस वरसं लोकांच्या पोरी मी चुकीच्या गान्यावर नांदायला धाडल्या."

छबूबाई आतून म्हणाल्या, "नांदल्या की समद्या."

नानांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी कळलं नाही की ते हसतायत. हसता हसता त्यांना ठसका लागला, छबूबाई पाणी घेऊन आल्या आणि त्याही हसायला लागल्या. नानांनी फडकं सोडलं आणि गाणं पंचेचाळीसवर लावलं. त्या दुपारी आम्ही ते सात वेळा ऐकलं. चौथ्या वेळी नाना उठून उभे राहिले. सातव्या वेळी त्यांनी मान्य केलं की दम बाईचाच होता, आणि छबूबाईंनी ते आमच्यासमोर दोनदा म्हणवून घेतलं.

संध्याकाळी बिभीषण मास्तरांना बोलावलं. ते दारात उभे राहून ऐकत राहिले, बोटं हवेतल्या क्लॅरिनेटवर चालत होती. तिथून खरा वाद पेटला. आदिनाथचं म्हणणं स्पष्ट होतं: बाई जशी गायली तेच गाणं, बाकी सगळी चूक, आणि बँडनं आता चाल सुधारावी. अश्विनी चिडली. म्हणाली, चूक चाळीस वर्षं टिकली आणि गावानं ती उचलली, तर ती चूक राहत नाही. आदिनाथनं विचारलं की मग नवरीला कुठलं गाणं. बिभीषण मास्तरांनी दोघांना थांबवलं.

"या गतीवर नवरी पळत आनायची व्हय?" ते म्हणाले. "आमी दोनी वाजवू. येताना ते, वरातीला हे."

तसंच ठरलं. माघात नानांच्या नातीचं, रुपालीचं लग्न झालं. आम्ही तिघं आदल्या दिवशीच पोचलो होतो. रुपाली मांडवात आली ती संथ चालीवर, मुंडावळ्या सावरत, एकेक पाऊल टाकत. जेवणं झाल्यावर बिभीषण मास्तरांनी बँडला खूण केली आणि तीच चाल धावायला लागली. आधी पोरं नाचली. मग रुपालीच्या आजोळची माणसं. मग छबूबाई आणि त्यांच्या नणंद साळूबाई, दोघी सत्तरीला टेकलेल्या, त्यांनी त्या अमेरिकन ठोक्यावर फुगडी धरली. फुगडी ठोक्याला बरोबर बसत होती. आदिनाथनं ते बघून मोबाईल काढला, आणि चित्रण करायचं विसरून हात वर करून नाचायलाच लागला.

रेकॉर्डवर रेघा संपतात तिथं, मधल्या कागदाच्या जागेलगत खरवडलेला एक आकडा आदिनाथनं भिंगातून वाचला होता. तो त्यानं परदेशातल्या जमवणाऱ्यांना पाठवला. उत्तरं आली. एक म्हणतो ही बाई चर्चमध्ये गायची आणि तिनं आयुष्यात एवढी एकच रेकॉर्ड काढली. दुसरा म्हणतो की साफ खोटं, ही दुसरीच बाई. दोघांनी एकमेकांना लांबलचक पत्रं लिहायला घेतली आहेत आणि प्रत्येकाची नक्कल आदिनाथला येते. नाना त्या नकला आदिनाथकडून वाचून घेतात. त्यांचं मत पहिल्याच्या बाजूनं आहे.

आता आमच्या मंडळात पाच जण आहेत. गेल्या महिन्याची बैठक अश्विनीच्या घरी, राहात्याला झाली, पेरूच्या बागेत बाजा टाकून. नाना आणि छबूबाई एसटीनं आले होते. मी नवीन मिळालेली एक रेकॉर्ड लावली. नानांनी डोळे मिटून ऐकली आणि जाहीर केलं की ढोल वाजवणारा डावखुरा आहे. आदिनाथनं ते कसं कळलं म्हणून विचारलं. नानांनी बाजेच्या लाकडी पाटीवर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं. आदिनाथला पटलं नाही. त्यानंही वाजवून दाखवलं. छबूबाईंचं म्हणणं पडलं की ढोल वाजवणारी माणसं दोन आहेत. चार वाजता शेवटची सोयीची एसटी गेली आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.