उलटा झगा

लॉन्ड्रीवाला "काका, नंबर तर बघा" म्हणत होता, आणि मी "मला माझी पिशवी कळते" म्हणत ती उचलून डिंडोलीला घरी आलो. उघडली, तर बायकोच्या शालूऐवजी काळा झगा निघाला. मागे चक्क शेपूट शिवलेलं.

धावत परत गेलो. दुकानात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आमचा शालू तान्ह्या बाळासारखा हातांवर धरून उभे होते. नवापूरकडचे, ख्रिस्ती. संध्याकाळी त्यांच्या चर्चमध्ये नाटक होतं आणि सैतान हेच होते. झगा मिळाला नसता तर नाटकच अडलं असतं.

मी माफी मागितली. त्यांनी आधी शेपूट प्रेमाने सरळ केलं, मग झगा उलटून दाखवला. आतून पांढराशुभ्र!

"पहिल्या प्रवेशात ही बाजू. सैतान पहिले देवदूतच होता ना, भाऊ."

"मग काळा कसा झाला?"

"कोणी रंग नाही लावला. 'मीच मोठा, माझंच खरं' म्हणत देवाशीच भांडायला उठला. तिथेच झगा उलटला."

"आणि शेवटी?"

"दरवर्षी हरतो मी!" ते पोट धरून हसले. "पण नाटकानंतर केकचा पहिला तुकडा मलाच."

हरायची इतकी हौस असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाईट ते बाहेरून येतं, असं धरून मी मात्र दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधत होतो.

घरी सगळं सांगितलं. बायकोने शालूची घडी तपासली आणि म्हणाली, "हे 'माझंच खरं' तर मी घरात रोज बघते. तुम्ही एकदा हरून दाखवा, केक मी करते."