माहेरच्या नावाची हाक

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरावी तसं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. नेऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढे भावंडं सांभाळायला घरी राहिले. तेव्हा चुका दिसतील त्या पोटात घाला. आमची सून रविवारी एका मासिकातले असे अनुभव मोठ्यानं वाचते. ती म्हणते, आई, तुमचा तो कंपनीतला लिहा ना. तिला "बघू" म्हटलं, आणि सोमवारी ती ऑफिसला गेल्यावर लिहायला बसले. पाठवीन की नाही, माहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते... कागद समोर बसून तोंडाकडे बघत नाही, तेवढं बरं.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. डोंगराखाली वाढलेली मुलगी मी, दिवेलागणीनंतरही शेतावर भाकरी घेऊन जायचे, कधी काही दिसलं नाही. एक मात्र शिकवलं होतं. रानात हाक ऐकू आली तर लगेच ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. हे मी पाळायचे. भीतीनं नाही, सवयीनं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आता आम्ही राहतो त्या करंजाड्याला तेव्हा नुसती भातशेती होती. आम्ही जुन्या पनवेलात तळ्याच्या बाजूला एका खोलीत राहायचो आणि मी काकूंकडे कामाला होते. काकूंच्या घरामागच्या पडवीत पापड, मसाले, मेतकूट व्हायचं. दहा-बारा बायका आम्ही, समोरासमोर पाट घेऊन बसायचो. मिरच्या निवडताना शिंका, शिंकांवर हसू, हसण्यावर काकूंचं "अगं लाट्या वाळल्या तिकडे." पगार थोडा होता, पण दुपारचा चहा आल्याचा होता.

काकूंची एक पद्धत होती. नवीन बाई आली की पहिलं विचारायच्या, "माहेरचं नाव काय तुझं?" आमच्यात लग्नात नाव बदलतात. मी माहेरी गुलाब, सासरी संगीता. काकू म्हणायच्या, "संगीता घरी ठेव. तिला तिथे भरपूर काम आहे. इथे गुलाबनं यायचं." मग आम्ही सगळ्या तिथे माहेरच्याच नावानं. दारातून काकू हाक मारायच्या, "गुलाऽब," की मी आपोआप "ओ" म्हणायचे. लग्नानंतर सात वर्षांनी ते नाव पुन्हा ऐकलं तेव्हा पहिल्या दिवशी पापड लाटता लाटता मला रडू आलं होतं. शेजारची चांगुणा म्हणाली, "पापडात पानी पारू नको गो, मीठ घातलंय आदीच."

मग कंपनी आली. म्हणजे तळोज्याच्या बाजूला एक नवी कंपनी निघाली, केसांच्या तेलाच्या बाटल्या भरायची. नाव लिहीत नाही, आता ती तिथे नाहीही. पगार दुप्पट, न्यायला-आणायला बस, वर्षानंतर पर्मनंट. आमचे हे टेंपोवर होते, महिन्यातले निम्मे दिवस टेंपो गॅरेजमध्ये. दोन पोरं शाळेत. मी जायचं ठरवलं. पण कंपनीला अनामत भरायची होती. वर्षाच्या आत सोडलं तर ती बुडाली, वर्षानंतर परत.

एवढे पैसे आमच्याकडे कुठले. त्या महिन्याची भिशी चांगुणाला लागली होती. तिचं घर विचुंब्याला, त्या पैशांत ती घरावर नवी कौलं घालणार होती. तिनं भिशीचं पुडकं तसंच माझ्या ओटीत टाकलं. म्हणाली, "जा तू. माजी कवलं काय उडून चालली नाय. साल भरलं का दे." काकूंनी डब्यात मेतकूट भरून दिलं. "नाही जमलं तर पाट इथेच आहे," म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं, चूक झाली.

गेटवर पत्र्याचा बिल्ला दिला — सतरा. मॅडम, म्हणजे आमची सुपरवायझर, ओरडायची, "सतरा." आपण उभं राहून "येस मॅडम" म्हणायचं. एकदा माझ्या तोंडून "ओ" गेलं तर म्हणाली, "हे काय शेत आहे का?" बोललं तर दंड, हसलं तरी दंड. पाण्याला जायचं तर हात वर करायचा आणि मॅडमचं लक्ष जाईपर्यंत धरून बसायचा. साहेब दोन होते. एक सकाळी सांगायचे लाल झाकणं लावा, दुसरे दुपारी येऊन विचारायचे लाल कोणी सांगितली. सगळी झाकणं काढून पांढरी लावायची, आणि तो वेळ आमच्या पगारातून. आमच्या टेबलांच्या वर, डोक्यावर लोखंडी माळा होता. त्यावर तेलाचे भरलेले कॅन चढवत राहायचे. माळ्यावर माल ठेवणं एका साहेबांचं खातं, उतरवणं दुसऱ्यांचं. दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. त्यामुळे माल चढायचा, उतरायचा नाही.

मी घरी येऊन ह्यांना म्हणायचे, नको वाटतं हो. हे म्हणायचे, "वर्षभर कळ काढ. चांगुणाबाईला काय तोंड दाखवशील?" ते खरंच होतं. चांगुणाची कौलं माझ्या बिल्ल्याला बांधलेली होती. मी दिवस ढकलत होते. समोर बसणाऱ्या बाईचं माहेर कुठलं, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आणि मग ती दुपार. पावसाळा संपला होता, लख्ख ऊन होतं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. मशीन चालू, मॅडम ऑफिसात गेलेली. मी झाकण पिळत होते आणि मला हाक ऐकू आली.

"गुलाऽब."

माझ्या बाबांचा आवाज. शेताच्या बांधावरून मारायचे तशी, शेवट लांबवलेली. मशीनचा एवढा आवाज, शेजारची बोलली तरी ऐकू येत नसे. पण हाक स्पष्ट आली, शेडच्या अंगणाकडच्या दारातून. मी मान वर केली नाही, दंडाची भीती. दुसरी हाक आली. मी झाकण हातात धरून बसले. मनात म्हटलं, तिसरी आली तर माणूस.

तिसरी आली. जरा चिडून, ऐकत का नाहीस अशी.

मी "ओ" म्हटलं आणि उठले. आणि बघते तर अख्खी शेड "ओ" म्हणून उठलेली. सगळ्या बायका. कोणी "ओ आले" म्हणतेय, कोणी "ओ दादा." कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळ्या दाराकडे चाललेल्या, कामाला जाताना चालतात तशा नाही, घरात अनवाणी जावं तशा. अंगणात आलो. अंगणात कोणी नव्हतं. एक कुत्रं झोपलं होतं.

मागे एक कुरकुर झाली आणि माळा खाली आला. सगळा. कॅन, लोखंड, सगळं आमच्या टेबलांवर. तेल उंबऱ्यापर्यंत वाहत आलं. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

दोन्ही साहेब धावत आले. एकत्र आलेले मी पहिल्यांदाच बघितले. मोठे साहेब माणसं मोजून झाल्यावर पहिलं काय म्हणाले असतील? "जागा सोडायला कोणी सांगितलं?"

मग एक एक करून विचारलं. "तुला कोणी बोलावलं?"

"माझ्या भावानं."

"तो इथे आहे?"

"नाय, तो दुबईला हाय."

दुसरीला तिच्या आईनं हाक मारली होती. ती वारून वर्षं झाली होती. तिसरीला शाळेतल्या मैत्रिणीनं. प्रत्येकीला वेगळा आवाज, आणि प्रत्येकीला माहेरचं नाव. साहेब एकेकीला विचारत गेले आणि आम्ही नावं ऐकत गेलो — शेवंता, हौसा, यमू, चिंगी. जिला मी 'बारा नंबर' समजत होते ती चिंगी निघाली. साहेब चिडत होते आणि आम्ही इतक्या महिन्यांनी एकमेकींना भेटत होतो.

फक्त आमच्यातल्या मंदा नावाच्या एकीला हाक आली नव्हती. सगळ्या उठल्या म्हणून ती उठली. बसमध्ये माझ्या शेजारी बसून ती हळूच म्हणाली, "मी मामाकडं वाढले. तिथं मला 'ए' म्हणायची. मला नावानं बोलवनारं कोन व्हतं?" मी तिचा हात धरून बसले, पनवेल येईपर्यंत.

त्या दिवशी सगळ्यांचा अर्धा दिवस कापला. कारण काय, तर परवानगीशिवाय जागा सोडली.

दुसऱ्या दिवशी शेडचा उरलेला भाग साफ करून काम सुरू झालं. मॅडमनं हाक मारली, "सतरा." मी मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. पण माझ्या तोंडून "येस मॅडम" निघेना. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय. "सतरा." मग ती म्हणाली, "बारा." चिंगीही गप्प. संप नव्हता तो, कोणी ठरवलं नव्हतं. ती ज्याला बोलावत होती ते कोणी तिथे नव्हतंच, असं काहीतरी झालं होतं. शेवटी मॅडम टेबलाशी आली आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "अहो बाई, तुमचं नाव काय?" आवाज बदलला होता तिचा. ती पण कोणाची तरी लेक होती.

चार दिवस असं चाललं. मग मुंबईहून मालक आले. माळ्याची चौकशी होईल ही त्यांना धास्ती होती. सगळ्यांना अंगणात उभं करून म्हणाले, ज्यांना जायचं त्यांनी जा, अनामत परत मिळेल, पण बाहेर बोभाटा नको. आणि विचारलं, कोणाला जायचंय? मी, जी कधी बोलत नाही ती, पहिली बोलले. "मला."

पुढच्या रविवारी माहेरी, नेऱ्याला गेले. बाबा ओट्यावर बसले होते. विचारलं, त्या दुपारी मला हाक मारली होती का तुम्ही? बाबा हसले. "मी तुला या नावानं हाक मारून किती वर्सं झाली. जावईबापूंना बरं दिसंल का? मी तर तुला संगीताच म्हनतो." आणि मग विडी पेटवून म्हणाले, "मनात म्हनतो कदी कदी."

भूत म्हणावं तर बाबा समोर बसून विडी ओढत होते. भास म्हणावं तर सगळ्यांना एकदम कसा? सूनबाई म्हणते, माळा कुरकुरला असेल, तुमच्या कानांनी त्याचं नाव केलं. असेल. पण कुरकुरीला चिंगी आणि गुलाब कसं ठाऊक असणार? आता बाबा नाहीत, काकू नाहीत, पडवीच्या जागी इमारत आहे.

मी काकूंकडे परत गेले, मंदालाही घेऊन गेले. अनामत कंपनीनं एकदम दिली नाही, तुकड्या-तुकड्यानं दिली, प्रत्येक वेळी दोन खेटे. मिळाले तसे मी चांगुणाला देत गेले. शेवटचा तुकडा होळीच्या आधी मिळाला. पापडाच्या फडक्यावर तिच्यासमोर ठेवला. तिनं पैसे कनवटीला लावले आणि म्हणाली, "फिटलं गो सगलं. आता लाट, हात चालव." पावसाच्या आत विचुंब्याच्या घरावर नवी कौलं चढली.