नाल्यावरची झिरामाय

झिरामाय पाणी शोधायची ती कुत्र्यांच्या मागे फिरून. होळीच्या सुमाराला आमचा नाला आटला, की भर दुपारी ती डोक्यावर पदर ओढून कोरड्या पात्रात उतरायची आणि वस्तीतली कुत्री कुठे वाळू उकरून पोट टेकतात ते बघत उभी राहायची. कुत्र्याला गार वाळू लागते, आणि वाळू गार म्हणजे खाली ओल. एवढी साधी गोष्ट. पण लोकांना वाटायचं, हिला काहीतरी दैवी कळतं. कोणी हात जोडून विचारायला गेलं की ती वैतागायची. "कुत्रास्ले इचारा. माले काय इचारतस?"

आमची वस्ती ब्राह्मणपुरी गावाच्या अलीकडे, नाल्याच्या काठावर. उणीपुरी बारा घरं. बहुतेक भिलांची, दोनतीन आमच्यासारखी कोळ्यांची आणि एक पिंजाऱ्यांचं. सातपुड्यातून उतरणारा हा नाला श्रावणात गुरं वाहून न्यायचा आणि उन्हाळ्यात थेंबाला महाग करायचा. मग वाळूत झिरा खणावा लागे. झिरा म्हणजे आधी गुडघाभर आणि मे महिन्यात कंबरभर खोल खड्डा. त्याच्या तळाशी पाणी हळूहळू पाझरत साठतं. ते वाटीने भरायचं. एक घागर भरायला चांगला अर्धा तास जायचा आणि तेवढ्या वेळात बारा घरांच्या साऱ्या बातम्या इकडून तिकडे व्हायच्या.

झिरा खणायचा मान झिरामायचा, आणि राखायचा तापही तिचाच. नवरा तरणाताठा असतानाच गेलेला, एकुलती लेक शहाद्याला दिलेली. त्यामुळे ओरडायला घरात कोणी नव्हतं, आम्ही पोरीच होतो. मी एकदा घाईघाईत वाटीऐवजी तांब्या बुडवला आणि सगळं पाणी गढूळ केलं. तिने माझी अर्धी घागर पळसाच्या बुडाशी ओतली आणि मला रांगेत शेवटी बसवलं. त्या दिवशी माझी शाळा बुडाली. आई तिला भांडायला जाईल असं मला वाटलं होतं. आईने उलट मलाच एक धपाटा घातला.

पण तिचा खरा कायदा वेगळाच होता. नव्या झिऱ्याची पहिली घागर कोणी आपल्या घरी न्यायची नाही. जिच्याशी आपलं बोलणं बंद आहे, तिच्या घरी न्यायची. ही रीत तिच्या सासूच्याही आधीपासूनची होती म्हणे. एका वर्षी पिंजाऱ्यांच्या रुखसानाचाचीच्या शेळीने आमच्या वाळत घातलेल्या मिरच्या तुडवल्या, आणि आई आणि चाची चार महिने एकमेकींकडे पाठ करून नाल्यावर पाणी भरत होत्या. होळीनंतर झिरामायने पहिली घागर भरली आणि आईच्या डोक्यावर ठेवली. आई जागची हलेना. तेव्हा झिरामाय एवढंच म्हणाली, "जाय. दी ये." आई तणतणत घागर द्यायला गेली. परत येताना तिच्याबरोबर चाची होती, आणि दोघी मिळून दुसऱ्याच कोणाच्या तरी शेळीला नावं ठेवत होत्या.

मी बारावीला येईपर्यंत झिरा दरवर्षी हातभर आणखी खाली जायला लागला. आजूबाजूला केळी आणि उसासाठी बोअर झाले होते. आई रात्री कमरेला तेल चोळून घ्यायची आणि कण्हायची. वस्तीत अर्ज लिहिता येणारी मी एकटीच. बायका म्हणाल्या, नळासाठी लिही. मी लिहिला, पण झिरामायच्या दारात जायचं मी दोन दिवस टाळलं. नळ आला की तिचं काय राहणार, हे मला कळत होतं. तिने अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि अंगठा पुढे केला.

"मन्हं नाव पहिलं लिख," ती म्हणाली. "झिरानं पानी गोड शे व पोरी. डोकावरनी घागर गोड नही."

नळ आला. खरंच आला, आणि घरोघरी आला. पहिल्या दिवशी आम्ही वेड्यासारखे सगळ्या बादल्या, पातेली, अगदी चहाची भांडीसुद्धा भरून ठेवली. झिरामायनेही भरली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने नेहमीसारखा झिरा खणला, आणि झिऱ्यावर कोणीही आलं नाही. पाणी उपसलं नाही की झिऱ्यावर शेवाळ धरतं, वास येतो. म्हणून ती रोज सकाळी एकटीच घागरी भरायची आणि पळसाला घालायची. मी तेव्हा शहाद्याच्या कॉलेजात जात होते. काळीपिवळी जीपच्या खिडकीतून मला ती दिसायची. कधी वर बघून हात करायची, सुईत दोरा ओवून दे म्हणून बोलवायची. मी संध्याकाळी येते म्हणायचे. संध्याकाळी माझ्या लक्षात राहायचं नाही. लक्षात राहिलं तरी मी जात नव्हते, हेही आता सांगून टाकते. एकटी बसलेली झिरामाय बघवत नव्हती, आणि अर्ज माझ्या अक्षरातला होता.

पुढच्या वर्षी तिने झिरा खणला नाही. लेक येऊन तिला शहाद्याला घेऊन गेली.

मला नाशिकला नोकरी लागल्यावर पेढे द्यायला मी तिच्याकडे गेले. लेकीचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. ती गॅलरीत पाटावर बसली होती, हाताशी नळ होता. पेढा तिने हातातच धरून ठेवला आणि एकेका घराचं विचारत गेली. कोणाचं कोणाशी वाजलं, कोण कोणाशी बोलत नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, माय, आता वस्तीत कोणीच भांडत नाही, सगळं गोडीगुलाबीने आहे.

तिने पेढा न खाताच खाली ठेवला.

"कोनीच नही?" तिने विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भांडाले बी मानसं भेटाले लागतस, पोरी."

त्याच पावसाळ्यात ती गेली. मला चार दिवसांनी फोनवर कळलं. आईलाही उशिराच कळलं होतं, कारण आता निरोप दारोदार जात नाहीत.

दिवाळीला घरी गेले तेव्हा नाला वाहत होता. बारा घरांवर बारा टाक्या आणि दारं लोटलेली. नळाचा अर्ज लिहिल्याचा मला पस्तावा नाही. आई आता रात्री कण्हत नाही, आणि तेवढ्यासाठी मी तो अर्ज पुन्हा लिहीन. तरीही झिरामायची इतकी आठवण आली की घरात बसवेना. मी उठले आणि रुखसानाचाचीचं दार वाजवलं. आमच्या आणि तिच्या दारात तीस पावलांचं अंतर, पण मी दोन वर्षांत तिच्याकडे गेले नव्हते. चाचीने दार उघडलं. ती हसली, पण दारातच उभी राहिली.

"ये व पोरी," ती म्हणाली. "काय काम काढं?"

काम काहीच नव्हतं. पण तसं सांगायची मला लाज वाटली. घरी दह्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, तरी मी म्हटलं, चाची, जरा विरजण हवं होतं.