जाळीवरची लाल फुली

बरोबर उत्तरावर लाल फुली मी आज पहिल्यांदा पाहिली. आमच्या मीराचा चाचणीचा पेपर घरी आला होता. सत्तेचाळीस गुणिले अडुसष्ट. तिने पट्टीने चार चौकोन आखले होते, प्रत्येकात तिरपी रेघ ओढली होती, पाढ्यांनी घरं भरून तिरप्या ओळींची बेरीज केली होती. उत्तर ३१९६, बिनचूक. हातच्यांच्या घोळाने रडणारी ही मुलगी, आत्याने सुट्टीत ही जाळी शिकवल्यापासून गुणाकार करताना गुणगुणते. आणि शेरा काय? 'वर्गात शिकवलेली पद्धत नाही.'

माझं डोकंच फिरलं. चूक काढायची तर आकड्यांत काढा ना! आपल्या वाटेने न आलेला माणूस पोचलाच नाही म्हणायचं, हा कुठला हिशेब? घरीदारी आपण हेच करतो आणि त्याला शिस्त म्हणतो.

"बाईंशी भांडायला जाऊ नका हं," बायकोने स्वयंपाकघरातून बजावलं. "तिला रोज त्याच वर्गात बसायचंय."

मीरा खोडरबराने जाळी पुसत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, उत्तरसुद्धा खोडू का?"